तिनं न घेतलेलं नाव

पुरानंतर धुळ्याजवळच्या एका गावात मी आठ दिवस तक्रारी लिहून घेत होते. लिहून म्हणजे, फोन पुढे धरत होते. आमच्या संस्थेच्या फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता समोरच्याचं बोलणं ऐकून त्याचा मजकूर करायची, त्यातली नावं, गाव, फोन नंबर काळे करायची आणि मगच तो मजकूर ऑफिसला जायचा. आवाज फोनमध्येच पुसला जायचा. मला हे फार आवडायचं. मी इंग्रजी शाळेतली, अनोळखी माणसांशी बोलायला कचरणारी; 'कुणाला कळणार नाही' एवढं एक वाक्य मात्र न अडखळता म्हणायचे.

तिलाही तेच म्हटलं. शाळेच्या व्हरांड्यात ती पदर सावरत बसली होती. नवरा पुरात वाहून गेलेला. तिच्यासाठी आलेली ताडपत्री आणि धान्य दिरानं स्वतःकडे ठेवलं होतं. आणि दोन मुलींना घेऊन ती राहायची त्याच दिराच्या घरात.

"त्याले कळनं ते घरमा ठेवाव नई," ती म्हणाली.

"नाही कळणार. नवऱ्याचं नाव?"

ती खाली बघून हसली. "त्यासनं नाव कसं लेऊ, ताई? गावमा बेंजो वाजाडनारा त्या एकच व्हतात."

शेवटी स्क्रीनवर आलं, 'लपवण्यासारखं काही आढळलं नाही.' मी निर्धास्तपणे 'पाठवा' दाबलं.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत तक्रारी वाचून दाखवायच्या होत्या. सारांश त्याच यंत्रणेनं केलेला, वाचायचं काम माझ्याकडे. मान वर न करता मी वाचत गेले. "गावातल्या एकमेव बेंजोवादकाच्या पत्नीला आलेली मदत दिराने..."

"हाई ते बेंजोवाल्यानी बायको," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाव दपाडं म्हने," दुसरा म्हणाला. लपवलं म्हणे. दोघं-तिघं हसले. एक माणूस उठून बाहेर गेला. त्याला मी ओळखत नव्हते. बाकी सगळे ओळखत होते.

त्याच संध्याकाळी ती मुलींना घेऊन एरंडोलला भावाकडे गेली. तक्रारीवर कारवाईही झाली. ताडपत्री तिला परत मिळाली, पण ती बांधायला आता तिच्याकडे जागा नव्हती.

महिन्याभरानं मी एरंडोलला गेले. बसमध्ये माफीची वाक्यं जुळवत होते. ती इंग्रजीतच सुचत होती. तिनं चहा केला. मी तिला खरं ते सांगितलं, की फोन फक्त नावं लपवतो, नावाऐवजी सांगितलेली ओळख त्याला कळत नाही, आणि मलाही कळली नाही.

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हनजे मी त्यासनं नाव लिधं असतं, ते दपाडी गयं असतं?"

"हो."

तिनं मान हलवली. भिंतीकडे बघत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, एकदाच, हळू. थोरली मुलगी आईकडे बघत राहिली. आईच्या तोंडून तिनं ते कधी ऐकलं नव्हतं.