मुराळी झालेली डॉक्टर

रेल्वे जळगावला लागली तेव्हा उजाडलं होतं. वाईहून मी निघालो तो कुरकुरतच. पंचवीस वर्षं सरकारी दवाखाना चालवलेल्या माणसाला आता नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणे. सून फोनवर हसली, "बाबा, तुम्ही शिकायला जाताय की शिकवायला?" मी म्हटलं, बघू या.

पहिला दिवस सभागृहात गेला. शिकवणारे तरुण होते, पडद्यावर बाण आणि वर्तुळं होती. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी शेजारून हळूच विचारलं की यातलं गावात चालेल किती. जेवायला मात्र वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) होती. दुपारच्या सत्रात आम्ही दोघेही डुलक्या काढत होतो हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी आम्हाला प्रत्यक्ष काम बघायला नेलं. चोपड्याच्या पुढे केळीच्या बागा संपल्या, कोरडवाहू शेतं लागली आणि सातपुडा एकदम जवळ आला. तिथल्या आरोग्य केंद्राच्या दारात उभी होती वैशाली. माझ्या हाताखाली हिने इंटर्नशिप केली होती. माझी छाती फुगली. बरोबरच्या सगळ्यांना मी दोनदा सांगितलं की ही माझी विद्यार्थिनी.

आम्ही चहा घेत होतो तोच यमुनाअक्का आल्या. या गावच्या आशाताई, साठीला टेकलेल्या. वरच्या वस्तीवरच्या सुमनला नववा महिना होता, रक्तदाब फार चढला होता, डोकं दुखत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिला लगेच चोपड्याला हलवायला हवं होतं, नाहीतर झटके येऊन आई आणि मूल दोघंही गेली असती. घरचे तयार नव्हते. वैशालीने औषधं उचलली आणि मलाही सोबत घेतलं. ॲम्ब्युलन्स मात्र तिने वस्तीबाहेर चिंचेखाली थांबवली. मला ते पटलं नाही.

ओसरीवर सुमनचे सासरे बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. वैशाली आधी आत जाऊन सुमनला गोळी देऊन आली. मला धीर धरवेना. मी आबांसमोर उभा राहून दवाखान्यातला आवाज लावला, "आत्ताच्या आत्ता पोरीला गाडीत बसवा. वेळ घालवाल तर जबाबदारी तुमची."

आबा उठले आणि दार अडवून उभे राहिले. "त्या गाडीमां मन्ही मोठी सून गयी," ते शांतपणे म्हणाले, "जित्ती नही उनी."

मोठी सून ॲम्ब्युलन्समधून गेली होती, ती जिवंत परत आलीच नव्हती. यमुनाअक्कांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "मुराळी वरडस का कधी?" त्या म्हणाल्या. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. मग अक्कांनी मला समजावलं. इथे बाळंतपणाला पोरगी माहेरी जाते, दवाखान्यात टाकली जात नाही. सुमनचं माहेर दूर डोंगरात, म्हणून आज माहेर अक्का होत्या आणि मुराळी वैशाली. मुराळ्याने हुकूम सोडायचा नसतो. घरचं पाणी प्यायचं, दोन घास खायचे, मगच लेक मागायची.

वैशाली अंगणात मांडी घालून बसली होती. सुमनच्या सासूने भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. ती खात होती, मधेच उठून सुमनचा रक्तदाब बघत होती, पुन्हा येऊन बसत होती. बोलत होत्या फक्त अक्का. मी घड्याळाकडे पाहत होतो. मग वैशालीने हात धुतले, आबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आबा, लेक न्यायला आले."

आबांनी दार सोडलं. सासूने सुमनच्या ओटीत नारळ घातला, भाकरी बांधून दिली. पोरगी उंबरा ओलांडून आली आणि अक्कांच्या खांद्यावर हात टाकून सावकाश चिंचेपर्यंत गेली. माझे डोळे भरून आले. दवाखान्यातल्या आमच्या कुठल्याही राउंडला मला इतका अभिमान वाटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, समारोपाच्या वेळी, वैशालीचा फोन आला. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. शिकवणाऱ्यांनी फोनचा आवाज मोठा करून तिला विचारलं, की काल पुढारपण कुणी केलं. तिने अक्कांचं नाव सांगितलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मी काय करं?" अक्का म्हणाल्या. "चालनी ती."

सुमन आपल्या पायांनी चालत गेली, असं अक्का म्हणताहेत, हे मी सभागृहाला सांगितलं.

परत वाईला आल्यावर सुनेने विचारलं, काय शिकवून आलात? मी तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. वैशाली माझी विद्यार्थिनी, हे मी मिरवतो आणि मिरवणारच. पण त्या ओसरीवर मी एकटाच असतो, तर सुमन दाराच्या आतच राहिली असती, हेही सांगतो.