माने गुरुजी आणि सोहमचा दाखला

माने गुरुजी काल सकाळी गेले.

चार वर्षांपूर्वी मी त्यांना तोंडावर स्वार्थी म्हटलं होतं.

सॉरी म्हणायचं राहून गेलं, असं नाही लिहिणार. राहून नाही गेलं. मी म्हटलंच नाही.

कडेगावजवळच्या आमच्या गावात सातवीपर्यंतची झेडपीची शाळा आहे. गुरुजी तिथले हेडमास्तर. दर मे महिन्यात भर उन्हात घरोघरी फिरायचे. "पोरगं आमच्याकडं घाला."

कारण शाळेचा पट, म्हणजे मुलांची संख्या, कमी झाली की एक शिक्षक जातो. हे गावात सगळ्यांना माहीत. गुरुजी दारात दिसले की लोक हसायचे.

"आलं बघा, पट गोळा करायला."

त्या वर्षी ते आमच्या घरी आले. माझ्या धाकट्या भावासाठी, सोहमसाठी.

सोहमची नुकतीच पाचवी संपली होती. तालुक्याच्या मोठ्या इंग्लिश मीडियम शाळेत होता. मीही तिथलीच. हेड गर्ल, फ्लेक्सवर फोटो, सगळं. तेव्हा मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला होते आणि सुट्टीला घरी आले होते.

सोहमला ती शाळा झेपत नव्हती. शनिवारी टेस्ट, सोमवारी मार्कांप्रमाणे बेंच बदलायचे. हा कायम शेवटच्या बेंचवर.

रविवारी संध्याकाळी त्याचं पोट दुखायचं. दर रविवारी. दोनदा सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल.

गुरुजी पप्पांना म्हणाले, "पोरगं ढ न्हाई. गल्लीतल्या मॅचचा सगळा स्कोअर तोंडी ठेवतंय. इंग्रजीत अडकलंय नुसतं. दाखला काढा आन दोन वर्षं माज्याकडं द्या."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. घरात शिकलेली मीच ना.

मी म्हटलं, उद्या सांगते. आणि मी काय केलं? पीपीटी बनवली. हो, खरंच. सात स्लाइड्स, इंग्लिशमध्ये. 'सोहमने शाळा का सोडू नये.' दुसऱ्या दिवशी गुरुजींना चहाला बोलावून, लॅपटॉप टीव्हीला जोडून, सगळ्यांसमोर प्रेझेंट केली.

पाचवी स्लाइड होती, 'व्हेस्टेड इंटरेस्ट.'

गुरुजी म्हणाले, "बाळ, मराठीत सांग की. आईला कळू दे."

मला शब्द सुचेना. म्हणून सोपं करून सांगितलं. "म्हणजे गुरुजी, यात तुमचा स्वार्थ आहे. सोहम आला की तुमचा पट वाढतो."

पप्पा हसले. काका तर मांडीवर थाप मारून हसले. आई तेवढी हसली नाही.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "हाय की स्वार्थ. खोटं कशाला बोलू? पट बी वाढंल आन पोरगं बी सुटंल. दोन्ही खरं असू नये व्हय?"



मग ते दारात उभ्या असलेल्या सोहमकडे वळले. "तुला काय वाटतंय रं?"

त्याने तोंड उघडायच्या आत मीच बोलले. "त्याला काय कळतंय, गुरुजी."

दाखला काढला नाही.

पुढे सोहमचं पोट दुखायचं थांबलं. आम्ही सगळ्यांना सांगितलं, सेट झाला आता. सेट काय, तो घरात बोलायचाच बंद झाला होता. आम्हाला वाटलं, वय आहे.

यंदा एप्रिलमध्ये, नववीच्या रिझल्टनंतर, शाळेने पप्पांना बोलावलं. एसी केबिन. "आमचा दहावीचा रिझल्ट हंड्रेड परसेंट असतो. रिस्क नको. दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा त्याला."

पहिलीपासून नऊ वर्षं होता तो तिथे. पाच मिनिटांत मोकळे झाले.

माझा फोटो अजून त्यांच्या फ्लेक्सवर आहे. ॲडमिशन सीझनला लागतो.

पप्पांना गुरुजींकडे जायची लाज वाटली. आई गेली. गुरुजी रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. ना शाळा, ना पट.

ते एवढंच म्हणाले, "उद्या सातला पाठवा. मराठीतनं बसवू त्याला."

एक टोमणा मारला असता तरी बरं वाटलं असतं मला. नाही मारला.

दिवाळीत भेटले तेव्हा मी विचारलं, "सोहम कसा आहे अभ्यासात?"

"आता चुकतोय," गुरुजी म्हणाले.

मला कळलं नाही.

"आधी चुकत बी नव्हता. कोरा कागद द्यायचा. लय भ्यालेलं पोरगं. आता लिवतोय, चुकतोय, खोडतोय. हुईल."

तेव्हा बोलायला हवं होतं मी. मी त्यांना माझ्या नव्या जॉबबद्दल सांगत बसले. वर्क फ्रॉम होम आहे, पॅकेज चांगलं आहे. ते कौतुकाने ऐकत होते.

कालपासून गावाच्या ग्रुपवर 'आदर्श शिक्षक हरपला' चाललंय. पट गोळा करणारा म्हणून हसणारे हेच सगळे. मी पण त्यातलीच.

काल मातीवरून परतताना शेजारच्या काकूंनी मला गाठलं. "आमच्या स्वराचं बी सोहमवानीच चाललंय त्या शाळंत. तू शिकलेली हाईस. काढावं का न्हाई?"

मी म्हटलं, "काकू, आधी तिला विचारा. आणि काढा."

"आगं पण लोक म्हणतील, झेपंना म्हणून काढली."

मग मला कशाला विचारलं?

सोहमची परीक्षा मार्चमध्ये आहे. आज सकाळी सातला मी त्याला घेऊन बसले. म्हटलं, आता मी शिकवते.

एक गणित दिलं. पेन उघडून बसला. अर्धा तास. एक आकडा लिहिला नाही.

मग खाली बघतच म्हणाला, "ताई, तू तुझं ऑफिसचं काम कर. मी बघतो."

तुमच्यासमोर तो चुकू शकत होता, गुरुजी. माझ्यासमोर नाही.

नमस्कार करते. माफी मागत नाही, आता ती ऐकायला तुम्ही नाही.