ग्रेडरचाचांच्या चार पुड्या

जगातली सगळी बोटं एकीकडे आणि आमच्या ग्रेडरचाचांची दहा बोटं एकीकडे ठेवली, तर मी डोळे मिटून चाचांच्या बाजूनं उभी राहीन. त्या बोटांनी उभ्या आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही. तोंडाची मात्र मी हमी देत नाही. ते तोंड दर मंगळवारी, माझ्यादेखत, टॅबलेटच्या पडद्यावरच्या डॉक्टर मॅडमला बिनदिक्कत खोटं सांगायचं आणि मी शेजारी उभी राहून दातओठ खायची. बरं, खोटं तरी कशाबद्दल? त्या बोटांबद्दलच. चाचांना जुनी शुगर होती. शुगर आधी पाय बधिर करते, मग हळूहळू बोटांवर येते. हे मॅडमला ठाऊक, मला ठाऊक आणि सगळ्यांत जास्त चाचांना ठाऊक.

चाचा दिग्रसचे. तीसेक वर्षं त्यांनी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात कापसाचा ग्रेड, म्हणजे प्रत, ठरवायचं काम केलं. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, गाडीच्या पोटातून मूठभर कापूस काढायचा, दाबून सोडायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ओढायचा आणि शेवटी एक सरकी दाताखाली धरायची. कट्‌ वाजली की माल वाळलेला. न बोलता दबली की ओला. बोंडअळीनं वावरंच्या वावरं पोखरली, भाव पडले आणि जिनिंगच्या फाटकावर रोज बाचाबाची व्हायला लागली, त्या वर्षांतसुद्धा चाचांनी ‘ओला’ म्हटलं की शेतकरी मुकाट्यानं गाडी बाजूला घ्यायचा. कारण तेच चाचा कोरड्या मालाला ओला म्हणणाऱ्या शेठला चारचौघांत सुनवायचे, “शेठ, सरकी वाजली ना? मंग कायले त्या बिचाऱ्याले रडवून राह्यले?” पुढे जिनिंगमध्ये ओलावा मोजायचं मशीन आलं. चाचा आठ दिवस त्या मशीनशेजारी उभे राहून त्याच्या आधी आकडा सांगत होते आणि बरोबर सांगत होते. नवव्या दिवशी शेठनं चहा पाजला आणि आता आराम करा म्हणून सांगितलं.

आराम ही गोष्ट चाचांना जमणारी नव्हती. आमच्या गावात त्यांचं थोडं वावर होतं, तिथं येता येता ते आमच्या उपकेंद्रात डोकावू लागले. मी तिथली सिस्टर. हातात हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या, त्यामुळे मी यायच्या आधी माझा आवाज येतो असं गाव म्हणतं. म्हणू दे. त्याच सुमारास आमच्याकडे टॅबलेट आला. दर मंगळवारी नागपूरहून डॉक्टर मॅडम त्यात दिसायच्या. आमच्याकडे नेटवर्क फक्त खिडकीत येतं, म्हणून लसीच्या रिकाम्या डब्याला टेकून मॅडम खिडकीत बसायच्या आणि पेशंट स्टुलावर. पहिल्याच मंगळवारी चाचा शुगर दाखवायला आले, स्टुलावर बसले आणि आपलं दुखणं बाजूला ठेवून त्यांनी मॅडमचीच तपासणी सुरू केली.

“मॅडम, तुमी हात कसा लावसान?”

“सिस्टर आहेत ना, चाचा. त्या बघतील आणि मला सांगतील.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातमोज्यांकडे. “रबर घालून? बापा! रबर घालून तर मले दगड बी कापूस वाटंल!”

झालं. त्या दिवसापासून चाचांनी स्वतःची नेमणूक करून घेतली. मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन हात साबणानं धुवायचे, स्टुलाशेजारी उभे राहायचे आणि पेशंटला विचारून त्याच्या कपाळाला, मनगटाला बोटं लावायचे. बायांना ते हात लावत नसत. मला हातमोजा काढायला लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि “दाबलं की फुलते का? बसूनच राह्यते का?” असं विचारत राहायचे. मी दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा ते पेशंट म्हणून नंबर लावून आत आले. पण त्यांचं सांगणं मॅडमला काडीचंही कळेना. “अंग गरम हाय, पण वरचा थरच तापला, पोटात गाडी थंडी हाय,” असं चाचा सांगायचे आणि पडद्यावर मॅडम विचारायच्या, “कुठली गाडी?” शेवटी उलगडा झाला की मॅडमनी जन्मात कधी सरकीसकट कापूस हातात घेतलेला नाही. चाचांना इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी ते चहा न घेताच गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मॅडमच्या पत्त्यावर पार्सल पाठवलं. आत चार पुड्या. वाटेत हवा लागू नये म्हणून प्रत्येक पुडी प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेली आणि वर नंबर. एक नंबर, पहिल्या वेचणीचा, खणखणीत वाळलेला. दोन नंबर, जरा नरम पडलेला. तीन नंबर, दवात भिजलेला. चार नंबर, कवडी, म्हणजे न उमललेल्या बोंडातला कडक गठ्ठा. सोबत वहीच्या कागदावर सूचना: दाबून पाहा, कानाशी न्या, सरकी चावून पाहा, लाजू नका. मॅडम हसल्या. पण गुणी बाई! पुढच्या मंगळवारी चारही पुड्या त्यांच्या टेबलावर हजर होत्या. त्यांनी एका पेशंटबद्दल विचारलं, “चाचा, पोट कसं लागतंय?” चाचा म्हणाले, “चार नंबर.” मॅडमनी चार नंबरची पुडी दाबली, चेहरा गंभीर केला आणि त्या पेशंटला दिग्रसला सोनोग्राफीला पाठवलं.

मग काय विचारता! गावात तापाचं, बीपीचं नाव निघेनासं झालं, जो तो नंबर सांगू लागला. “अव माय, मले आज एक नंबर देल्ला!” असं सांगत एक म्हातारी तीन गल्ल्या फिरून आली. एका घरात सुनेला एक नंबर आणि सासूला दोन आला, तर सासूनं आठ दिवस सुनेशी अबोला धरला आणि पुढच्या मंगळवारी सकाळपासून उन्हात बसून मग तपासायला आली. चाचांनी भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं, “वरून वाळवलेला माल हाय, सिस्टर. दोन नंबरच लिवा.”

हसण्यावारी नेऊ नका हं. फवारणीच्या दिवसांत बोरी अरब गावचा एक जावई सासऱ्याच्या कपाशीवर औषध मारून आला आणि स्टुलावर बसल्याबसल्या डोलायला लागला. पडद्यावर तो नुसता थकलेला दिसत होता. उन्हातून आलाय, ऊन लागलं असेल, मीठ-साखरेचं पाणी द्या, असं मॅडमचं सांगून झालं होतं. मीही हात लावला होता, पण हातमोज्यातून. चाचांनी त्याचं मनगट धरलं मात्र, ओरडलेच, “मॅडम, तीन नंबर! तीनच्या बी पुढं! दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी इतकी ओली काहून?” मॅडमनी तीन नंबरची पुडी दाबली आणि ताडकन मला बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यांत पाहायला सांगितलं. बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. फवारणीचं विष अंगात गेलं होतं. लगेच कपडे उतरवून अंग धुतलं, गाडी बोलावली. जावई वाचला. त्याच्या सासऱ्यानं चाचांना नवी टोपी दिली, ती ते फक्त मंगळवारी घालत.

इतरांचं सगळं संपलं की शेवटी चाचांचा नंबर. मॅडम दरवेळी विचारायच्या, “हातापायांना मुंग्या? बधिरपणा?” आणि चाचा छाती काढून म्हणायचे, “एकदम एक नंबर!” इन्सुलिनचं नाव काढलं की विषय बदलायचे. पण मी एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं होतं, भर रस्त्यात त्यांच्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच, एका पायानं अनवाणी, तापल्या डांबरावरून चालत गेले. त्यांना पत्ताच नव्हता. मी जाब विचारला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. “सिस्टर, सांगू नका. मॅडमनं एकदा लिवून घेतलं का चाचाची बोटं गेली, तर मंग मले नंबर कोन इचारन? जिनिंगमधून तर निंगालोच. इथूनबी निंगू का?”

मी सांगितलं. हो, सांगितलं! पाय गमावून बसले असते तर काय त्या टोपीला पाय फुटले असते? मला रडूही येत होतं आणि रागही, आणि अशा वेळी मी नेहमी रागाचंच ऐकते. मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी म्हणाल्या, “चाचा, आज तुमचा ग्रेड काढायचा. डोळे मिटा. सिस्टर कापसाचा धागा लावतील, लागला की सांगायचं.” बधिरपणा तपासायची हीच रीत आहे, आमच्या शिक्षणातही होती. पण कापूस म्हटल्यावर चाचा खूश. त्यांनी पाय पुढे केले, डोळे मिटले. मी पावलाला धागा लावला. “लागला.” दुसरीकडे लावला. “लागला.” दहापैकी दहा! मॅडमच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. मी लावायच्या आधीच, हात नुसता हलवला तरी चाचा “लागला” म्हणत होते. लबाड म्हातारा माझ्या बांगड्या ऐकत होता!

मी उठले, साबण लावून एकेक बांगडी काढली आणि टेबलावर ठेवली. परत खाली बसले. पावलाला धागा लावला. अंगठ्याला लावला. टाचेला, घोट्याला, पुन्हा अंगठ्याला. चाचा डोळे मिटून, मान जरा तिरकी करून, शांत बसले होते. मी सातव्यांदा धागा लावला तेव्हा चाचा म्हणाले,

“सिस्टर, सुरू करा ना.”

मी वर पडद्याकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा काढला होता. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “चाचा, आता हात.” मी उजव्या अंगठ्याला धागा टेकवला. “लागला,” चाचा तात्काळ म्हणाले. तर्जनी. “लागला. आन मॅडम, हा दवाखान्याचा कापूस ओला हाय. सिस्टर डबा खिडकीखाली ठेवते, दव लागते त्याले.” मी डब्याला हात लावून पाहिला. खरंच सर्द झाला होता! मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की टॅबलेटचा आवाज फाटला. मधलं बोट, लागला. अनामिका, लागला. करंगळीला मात्र मी धागा टेकवून तशीच थांबले. चाचा वाट पाहत राहिले. मग त्यांनी हळूच डोळे उघडले आणि करंगळीवरचा पांढरा धागा पाहिला.

“मॅडम,” ते म्हणाले, “तीस वर्षांत कोनाच्या गाडीचा ग्रेड खोटा नाई सांगितला. आपल्याच गाडीचा सांगितला. लिवा. पाय चार नंबर. करंगळी तीन. बाकी बोटं एक नंबर हायेत, ते बी लिवा.”

मॅडमनी सगळं लिहिलं. आणि वर म्हणाल्या, “नंबर मात्र तुम्हालाच विचारणार, चाचा. म्हणून बाकीची बोटं सांभाळायची आहेत.” त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी इन्सुलिन घेतलं. सुई टोचताना मी विचारलं, दुखलं का? तर म्हणे, “दुखलं! माशाल्ला, मस्त दुखलं!”

याला आता बरीच वर्षं झाली. चाचा बूट घालतात, रोज संध्याकाळी सुनेकडून तळपाय तपासून घेतात आणि मंगळवारी सगळ्यांत आधी स्वतःचा खरा नंबर सांगतात. मॅडम मोठ्या दवाखान्यात गेल्या, तरी मंगळवारचा तास त्यांनी सोडला नाही. दर हंगामात चाचा त्यांना ताज्या चार पुड्या पाठवतात. यंदाही पाठवल्या. माझ्या टेबलावर बसूनच त्यांनी बांधल्या, पूर्वीसारखीच प्रत्येक मूठ दाबून, सोडून, अंगठ्यात ओढून. पूर्वी त्याला दोन मिनिटं लागायची. यंदा अर्धा तास लागला. सरकी चावायला आता दातही नाहीत. मी पाहत होते.

मागच्या मंगळवारी मॅडम पडद्यावर आल्या. पुडी हातात धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “चाचा, एक नंबरचा कापूस हाताला नरम लागला, म्हणून सरकी चावली मी. तीनदा चावली.” पुडी खाली ठेवली. “वाजली नाही.”

मला वाटलं, आता हा माणूस स्टुलावरच खचणार. मी पुढे झाले. चाचांनी आपला उजवा हात समोर धरला, उलटासुलटा करून पाहिला. “मुद्दाम टाकला, मॅडम, परीक्षा घेतली तुमची...” असं म्हणायला त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले. “नाई. खोटं कायले सांगू? मले नाई समजला.” आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी त्यांना पहिल्या वेचणीच्या दिवसांतही इतकं खूश पाहिलं नव्हतं. टोपी सावरत, खिडकीतल्या त्या पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ते ओरडले,

“पन तुमाले समजला ना, बेटा! सिस्टर, पाह्यलं का? मॅडमच्या हाताले समजला!”