ओल्या रंगावर कसलेलं चाक

मी ईएमईचा हवालदार, म्हणजे फौजेचा मेकॅनिक. सतरा वर्षांत हातात बंदूक कमी आणि पाना जास्त. आता साताऱ्यात पेन्शन खातो. लोक लढाईच्या गोष्टी विचारतात. मी एका पिकअपची सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिवाळ्याचे दिवस. मी पुण्यात पोस्टिंगला होतो. सीमेवर चकमकीत पडलेल्या शिपाई दत्तूचं पार्थिव विमानानं पुण्यात यायचं होतं आणि तिथून रस्त्यानं सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या त्याच्या गावी. गाडी आमची एक टनाची पिकअप. आदल्या दिवशी मी ड्रायव्हर बबनला म्हणालो, "पोरगा शेवटचा घरी चाललाय. गाडी चकाचक पाहिजे." फौजेत कुणाला मान द्यायचा म्हटलं की आधी रंगाचा डबा उघडतो. झाडाला चुना, दगडाला गेरू, गाडीला हिरवा. आम्ही चारी चाकं काढून आतबाहेर रंगवली आणि संध्याकाळीच बसवली. गाडी तयार, म्हणून रजिस्टरवर सही माझी.

सकाळी दहा वीसला निघालो. सलामीची तुकडी दुसऱ्या ट्रकनं पुढं गेली होती. आमच्या गाडीत पुढं बबन आणि सुभेदार साहेब. मागं तिरंग्यातली पेटी, मी आणि दत्तूचे वडील. त्यांना सगळे तात्या म्हणत. पोराला न्यायला ते एकटेच पुण्याला आले होते. पेटीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

शिरवळ सुटलं आणि आवाज सुरू झाला. टक्. टक्. टक्.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "आवं, आतनं वाजतंय का हे?"

गाडी थांबवून पेटीचे पट्टे आवळले. निघालो. टक्. टक्. खंडाळा आलं, अकरा पन्नास झाले. पुढं खंबाटकीचा घाट. मी केबिनवर थाप मारली.

सुभेदार साहेब खाली उतरले. "काय आहे, हवालदार? सूर्य मावळायच्या आत अग्नी द्यायचाय. प्रोसीड."

"साहेब, पाच मिनिटं."

"दोन."

बबनला म्हणालो, "चाळीसवर ने आणि न्यूट्रल मार." आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही, गिअर नाही. ब्रेक लावला, गाडी मंदावली, तसा आवाजही मंदावला. मग चाकच. कुठलं? खिशातल्या खडूनं चारी टायरवर एकेक रेघ ओढली. "आता माणसाच्या चालीनं घे, गड्या." मी वाकून बाजूनं चालत राहिलो. एका बाजूनं, मग दुसऱ्या. मागचं डावं चाक. रेघ खाली आली की टक्. प्रत्येक फेरीला एकदा. गाडी थांबवून नटाला हात लावला. तो बोटानं फिरला. शेजारचा तर जागेवर नव्हताच.

चाक जिथं आसाच्या तबकडीला टेकतं तिथं रंग लावायचा नसतो, हे पहिल्याच कोर्सला शिकवतात. ओल्या रंगावर नट कसले की रंग दबतो आणि नट सैल पडतात. घाटाच्या उतारावर चाक निघालं असतं तर दत्तू दरीत गेला असता. त्याच्याबरोबर त्याचा बापही.

"नट आवळा आणि चला," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. चारी चाकं काढून रंग खरवडायला लागेल. चारींना तोच लागलाय."

"वेळ?"

"एक तास."

"रंग कुणी लावला?"

"मी."

शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं.

जॅक लावला तर पेटी तिरकी होणार. "पेटी रस्त्यावर उतरवायची नाही," साहेब म्हणाले. तेव्हा तात्याच बोलले. "आवं साहेब, मयताला वाटंत विसावा द्यायची रीत हाय. उतरवा त्येला. तुमी तिघं, चौथा मी."

चौथा कोपरा बापानं धरला. बाभळीखाली ब्लँकेट अंथरून पेटी ठेवली. बबन आणि मी चाकं काढायला लागलो. साहेबांनीही बाह्या सारल्या आणि चाकू घेऊन रंग खरवडायला बसले. तिकडं तात्या पेटीशी हळू बोलत होते.

"तुजी म्हस व्याली बरं का. रेडी झालीया. आईनं नाव ठेवलं न्हाई अजून, म्हनली तू आल्यावर ठेवू."

मी खाली मान घालून रडत होतो. लपवायचं काय त्यात.

उजव्या चाकाचा एक नट काढून डाव्याला दिला. एक पाचला निघालो. घाटात एकही आवाज नाही. सातारा, कऱ्हाड, कुठंही चहाला थांबलो नाही. पाच पस्तीसला गाव आलं. सगळा गाव लोटला होता. हारवाले, भाषणवाले, फोटोवाले. पेटी हातोहात गेली आणि तात्या पार मागं ढकलले गेले. अग्नी द्यायला नावानं पुकारलं तेव्हा कुठं त्यांना वाट मिळाली. फैरी झाल्या, बिगुल वाजला. सूर्य अजून नदीच्या वर होता.

गर्दी पांगल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "तात्या, चूक माझी. चाकांना रंग मी लावला. तुमचा एक तास माझ्यापायी गेला." मारतील असं वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं.

तात्यांनी माझा हात धरला. माझ्या नखांत हिरवा रंग होता. म्हणाले, "हितं मला कुनी बसू दिलं का रं त्येच्याजवळ? आमची गाठ पडली ती तितंच, बाभळीखाली."

शिपाई दत्तू. वय बावीस. दोन वर्षं त्याला सुट्टी मिळाली नव्हती.