घायपाताची दारू आणि एक चौकशी

फेब्रुवारी १९७३, दुसरा रविवार, दुपार. चंदीगड, सेक्टर २२, आमच्या सरकारी घराचं मागचं अंगण. हजर: मी, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातले माझे यजमान, वरच्या मजल्यावरचे ठेकेदार सरदारजी, आणि लुधियान्याहून बसने आलेला मुलगा, गव्हावर संशोधन करणारा, मूळचा नाशिककडचा. गैरहजर: माझी धाकटी बहीण, सांगलीत शिक्षिका. तिच्यासाठीच हे सगळं चाललं होतं.

वडिलांनी लिहिलं होतं: पत्रिका जुळते, घराणं चांगलं, पण मुलगा पंजाबात एकटा राहतो, वर्षभर मेक्सिकोलाही होता. तुम्ही जवळ आहात, चौकशी करा. तुमचं कळलं की होकार देतो. बहिणीचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. त्या मुलाची एक भानगड साखरपुड्यानंतर कळली होती. दुसऱ्यांदा तसं झालं असतं तर ती लग्नाचं नावच घेणार नव्हती. म्हणून मी प्रश्न क्रमाने ठरवून ठेवले होते: तब्येत, व्यसन, आईवडिलांची जबाबदारी, बदलीची शक्यता.

त्याने आल्या आल्या माझा क्रम मोडला. चपला काढल्या, नमस्कार केला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीलबंद बाटली यजमानांच्या हातात दिली.

"टकिला. मेक्सिकोची."

मुलीच्या बहिणीकडे पहिल्यांदा येताना दारू! माझा चेहरा पाहून तो ओशाळला. "ताई, माफ करा. इकडे बाटली नेली की मान दिला असं समजतात. इतकी वर्षं राहून आपल्याकडची रीत विसरलो बघा."

मला ते पटलं नाही. रीत विसरणारा माणूस आणखी काय काय विसरत असेल?

सरदारजींनी बाटली उन्हात धरली. "रंग तो अपनी रम में पानी डालो, वैसा है जी. असली है ना?"

"लकडी का रंग है, सरदारजी."

"कशाची करतात?" मी विचारलं.

"घायपाताची."

मी हसलेच. आमच्या शेताच्या बांधावर घायपात आहे. गुरं आत शिरू नयेत म्हणून लावतात, पानं कुजवून दोर वळतात, रस अंगाला लागला तर आग होते. त्याची दारू?

"त्याचाच भाऊबंद, ताई, निळसर पानांचा. सात-आठ वर्षं वाढू देतात. मग लांब दांड्याच्या पात्याने सगळी पानं छाटतात. उरतो तो गड्डा, भल्यामोठ्या अननसासारखा. तो विटांच्या भट्टीत वाफेवर शिजवायचा. कच्च्याने अंगाची आग होते खरी, पण शिजला की रताळ्यासारखा गोड. मी खाल्लाय, उसासारखा चावून चोथा थुंकायचा. मग रस काढतात, आंबवतात, दोनदा भट्टी लावतात. निघते ती पाण्यासारखी. ओकच्या पिंपात काही महिने ठेवली की अशी पिवळी होते. वर्षाच्या वर ठेवली की आणखी गडद आणि घशाला मऊ."

"मग माळ्यावर ठेवू," यजमान म्हणाले. "तुमच्या मुलाच्या मुंजीपर्यंत मस्त मुरेल."

"नाही मुरणार. काचेत भरली की तिचं वय थांबतं."

सरदारजींना धीर नव्हता. त्यांनी सील फोडलं आणि पहिला पेला एका दमात रिकामा केला. "ओ तेरी!" डोळ्यांत पाणी. मुलगा म्हणाला, "घूँट घूँट, जी. तिथले लोक जेवणाआधी बसून सावकाश घेतात. सोबत टोमॅटो-संत्र्याचा तिखट रस. मीठ-लिंबू पाहुण्यांसाठी." मीठ-लिंबू आणायला मी मुद्दाम स्वतः उठले, कारण स्वयंपाकघराच्या जाळीतून अंगण दिसतं. त्याने स्वतःला जेमतेम बोटभर ओतली होती, आणि मी परतले तरी ती तशीच होती. हा नेहमीच कमी पितो की आजच?

"तुम्हाला इतकं बारीक कसं माहीत?"

"दर रविवारी त्या भट्टीवर जायचो."

"दारूसाठी?"

"नाही."

यजमान घाईने म्हणाले, "अगं, लिंबू काप ना." मी कापलं नाही. "मग कोणासाठी?"

"भट्टीवाल्यांची मुलगी. मी लग्नाचं विचारलं होतं. ती नाही म्हणाली, घर सोडून इतक्या लांब यायचं नव्हतं तिला. निघताना तिच्या वडिलांनी ही बाटली दिली."

"आणि ती तुम्ही इथे आणलीत?"

"घरात ठेवायची नव्हती, ताई."

सरदारजींनी पेला खाली ठेवला.

"मी विचारलं नसतं तर?"

"बसस्टँडवर निघताना सांगणार होतो. धीर होत नव्हता."

हे खरं की खोटं, कसं तपासायचं? तो पुढे म्हणाला, "तुमच्या बहिणीला हे मीच लिहितो. पत्ता द्या." ठरायच्या आधी मुलाने मुलीला परस्पर पत्र लिहायचं! मी पत्ता दिला, पण शाळेचा, घरचा नाही; घरी पत्र आधी वडील उघडतात.

तो संध्याकाळच्या बसने गेला. "सरळ आहे गं मुलगा," यजमान म्हणाले.

"सरळ माणूस इतकं नेमकं बोलतो?"

"मग वाकडा कसा बोलतो, तेवढं सांग."

मी उठले. भांडी घासली, गादीला ऊन दिलं होतं ती आत घेतली, दूध तापवलं. त्याचं पत्र पोचण्याआधी बहिणीला माझं मिळायला हवं, म्हणून आंतर्देशीय घेऊन बसले. पत्ता लिहिला. "अनेक आशीर्वाद" लिहिलं. खाली तो प्रामाणिक आहे असं लिहावं की हुशार आहे असं, ते ठरेना. तेवढं वाक्य अजून लिहायचं होतं.