कुंपणापलीकडचं फूल

थोरलीनं शिवणयंत्रावर पाय मारून संसार उभा केला. तिच्या टाक्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण परसातल्या तारेपलीकडे धाकट्या जावेच्या वेलाला भोपळे लागले, की हिच्या पोटात दुखायचं.

दोघींनी उन्हाळ्याच्या तोंडाशी एकाच दिवशी बी टोचलं होतं. धाकटीचा वेल फळांनी जड झाला. थोरलीच्या वेलावरचे इवलेसे भोपळे मात्र पिवळे पडून गळायचे. म्हणून ती रोज सकाळी लांब देठाची बिनफळाची फुलं शिवणाच्या कात्रीनं छाटायची.

"फुकट खाणारी मेली!" म्हणायची.

धाकटीनं एकदा ते पाहिलं. "जाऊबाई, अहो ती नरफुलं! त्यांच्यावाचून फळ धरेल कसं? थांबा, माझ्याकडचं एक देते."

थोरलीचा हात कात्रीवरच थबकला. घ्यावं तर हिचे उपकार, न घ्यावं तर अख्खा उन्हाळा वाया. शेवटी तिनं तोंड फिरवून हात तेवढा तारेपलीकडे केला. मग ते फूल, बटण लावावं तितक्या अलगद, आपल्या वेलावरच्या मादीफुलात फिरवलं.

सव्वा महिन्यात घागरीएवढा भोपळा झाला. धाकटी कौतुकानं म्हणाली, "जाऊबाई, माझ्या सगळ्यांहून मोठा झाला हो!"

थोरलीनं भोपळा चारी बाजूंनी न्याहाळला.

"मोठा आहे गं," ती म्हणाली, "पण वळण तुझ्याच वेलाचं. बघ, कसा एका अंगाला कललाय मेला!"