वसंतकाकांचं जहाज आणि माझी नवी गाडी

बेंगळुरूला समुद्र नाही, हे वसंतकाकांना नकाशात दिसलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, एवढंच.

वसंतकाका म्हणजे माझ्या कुसुमआत्याचे यजमान. आत्या मूळची आमच्या बेंगळुरूची, शिवाजीनगरच्या एका गल्लीत वाढलेली. लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला पन्नास वर्षं झाली. यंदा जानेवारीत मुलानं दोघांना जहाजाच्या सहलीला पाठवलं. जहाज एका संध्याकाळी चेन्नईच्या बंदरात लागणार आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुटणार. मधल्या दिवशी बाकीचे प्रवासी चेन्नईतली देवळं बघणार होते. काकांनी मला फोन केला.

"श्रीधर, सकाळच्या गाडीनं अकराला तुझ्याकडे. सव्वाचारच्या गाडीनं परत. सव्वापाच तासांत बेंगळुरू आटपायचं!"

"काका, स्वल्प कमी पडतील हो सव्वापाच तास."

"स्वल्प नाही, थोडे. आणि कमी नाही, भरपूर! मी यादी पाठवतो."

कागदाचा फोटो आला. त्यावर अकरा ठिकाणं होती, प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. सगळ्यात खाली, आत्याच्या वाकड्या अक्षरात, एकच शब्द : अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. वय ब्याऐंशी. गुडघ्यांमुळे त्यांचं पुण्याला जाणं थांबलं होतं, आणि आत्याचं इकडं येणं या ना त्या कारणानं राहून जात होतं. बहीण-भावानं एकमेकांना सहा वर्षं पाहिलेलं नव्हतं. "आता भेट होते की नाही कोण जाणे," असं दोघं फोनवर हसत म्हणायचे. फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

शहाण्या माणसानं आत्याला स्टेशनवरून थेट बनशंकरीला, आमच्या घरी नेलं असतं. पण मी नुकतीच नवी गाडी घेतली होती! ती पुण्याच्या माणसांना दाखवल्यावाचून मला राहवेना. म्हटलं, आधी गावातून एक फेरी, दीडला घरी जेवण, तीनला निघायचं. घरी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहाटेपासून अवरेकाळूची उसळ लावली होती. (अवरेकाळू म्हणजे आमचे पावटे. आत्याचा जीव त्यांच्यावर.) अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी आठलाच व्हरांड्यात बसले होते.

चेन्नईची गाडी वेळेवर आली. विधानसौध, म्हणजे आमचं विधानभवन, काकांनी सिग्नलला थांबल्या थांबल्या पाहिलं. सिग्नल इतका लांबला की त्यांचे सगळे खांब मोजून झाले.

"सुंदर," काका घड्याळ बघत म्हणाले. "यादीत चार मिनिटं होती. एकोणीस लागली."

मग शिवाजीनगर. माझं भांड्यांचं दुकान तिथंच आहे, त्यामुळे तिथला बोळ न बोळ मला पाठ. (दुकानात मी रोज बसनं जातो, ही गोष्ट त्या वेळी ध्यानात आली नाही.)

"श्रीधर, थांब, थांब! ती बघ आमची गल्ली. मी उतरते, पाच पावलांवर तर घर आहे," आत्या म्हणाली.

"छे, आत्या! या गर्दीत? दारासमोर गाडी नेतो ना!"

गल्ली एकेरी निघाली. पुढून वळून यायला पंचवीस मिनिटं गेली, आणि आलो ते नेमके उलट्या टोकाला. दुसऱ्या फेरीत एका हातगाडीवाल्यानं नव्या गाडीच्या दाराला प्रेमानं एक लांब ओरखडा दिला. तिसऱ्या फेरीत मी विजयानं ओरडलो, "आत्या, ते बघ! दिसलं का घर?"

"बस दिसली," आत्या म्हणाली.

घराच्या आणि आमच्या मध्ये एक बस उभी होती. मागचे लोक हॉर्न बडवत होते. निघावं लागलं.

अण्णांचा फोन आला. "कुठं आलात?"

"दहाच मिनिटं, अण्णा!"

तेव्हा एक वाजला होता. दीडला पुन्हा फोन, पुन्हा दहाच मिनिटं. दोनला फोन, दहाच मिनिटं. अडीचला अण्णा नुसतेच म्हणाले, "कुसुमला भूक लागली असेल रे."

घर लांब नव्हतं. मधे फक्त लालबाग होती. लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरलंय, हे माझ्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि सगळं गाव तिथं आलंच होतं! पुढे रिक्षा, मागे टेम्पो, डावीकडे फुगेवाला, उजवीकडे शाळेची बस. मी इंजिन बंद केलं. यादी वाचून दाखवायचंही काकांनी सोडून दिलं. तासभर बोलणारे काका परवडले, पण गप्प बसलेले काका बघवेनात.

"सव्वाचारची गाडी चुकली तर?" आत्यानं हळूच विचारलं.

"रात्रीच्या सगळ्या गाड्या भरल्यात. मी तपासलंय," काका म्हणाले. "सकाळी जहाज आपल्या बॅगा घेऊन जाईल. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांसकट."

तेवढ्यात आमच्या डोक्यावरून, पुलावरून, काहीतरी सुळकन गेलं.

"ते काय होतं?" काकांनी विचारलं.

"मेट्रो."

"कुठं जाते?"

"मॅजेस्टिकला. म्हणजे... स्टेशनला."

"आणि उलट दिशेला?"

मी स्टिअरिंगकडे बघत म्हणालो, "बनशंकरीला."

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फुगेवाल्यानंसुद्धा आत डोकावून पाहिलं.

"म्हणजे," काका एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आम्ही उतरलो त्या स्टेशनपासून तुझ्या घरापर्यंत सरळ मेट्रो आहे. आणि आम्ही चार तास या डब्यात बसलोय."

आत्यानं मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे. गाडी छान आहे तुझी. सीट मऊ आहेत." इतका लागेल असा शब्द मला आयुष्यात कुणी बोललेला नाही.

तीन वाजले होते. घरी जाऊन परतायला वेळ उरला नव्हता. दोघं तिथंच उतरली आणि मेट्रोच्या जिन्याकडे निघाली. चालताना आत्या पदरानं डोळे टिपत होती. धुळीमुळे असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. मग अण्णांना फोन लावला.

"अण्णा, चुकलं माझं. आत्याला घरी आणता आलं नाही. ती परत स्टेशनवर चाललीय."

"सरी, बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाची शेवटची इच्छा मी फुगेवाल्याशेजारी गाडी उभी करून मोडली होती. निदान आत्याला नीट निरोप तरी द्यावा, म्हणून गाडी वळवून मी स्टेशनकडे निघालो.

पावणेचारला फोनवर सुनंदाचा फोटो आला. प्लॅटफॉर्मवरचा बाक. मधे अण्णा, इस्त्रीच्या शर्टात. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला काका. तिघांच्या मांडीवर डबे!

मी लगेच तिला फोन लावला. "अण्णा तिथं कसे?"

"कसे म्हणजे? मेट्रोनं! तुमचा फोन ठेवला, काठी घेतली आणि म्हणाले, सुनंदा, डबे भर. लिफ्ट आहे, बसायला जागा मिळाली, वीस मिनिटांत पोचलो."

"अगं, पण गुडघे!"

"तेच म्हणाले, गुडघे माझे आहेत, श्रीधरचे नाहीत."

पहिली पाच मिनिटं, म्हणे, आत्या अण्णांचा हात धरून नुसती बसली होती. मग आजोबांच्या दुकानातली पेपरमिंटची बरणी लहानपणी कुणी फोडली, यावरून दोघं कडाकडा भांडली. इतकी, की गाडी लागल्याचं काकांना दोनदा सांगावं लागलं. डब्यात चढतानाही आत्या ओरडत होती, "तूच फोडलीस, अण्णा!" आणि अण्णा काठी उगारून म्हणत होते, "पुढच्या वर्षी ये, मग बघतो तुला!"

हे सगळं मला नंतर कळलं. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. बाक रिकामा होता. अण्णा आणि सुनंदा मेट्रोनं घरी पोचून चहाही प्यायले होते.

मी घराकडे निघालो. साडेसहाला आत्याचा फोन आला. आवाज कसा टवटवीत!

"श्रीधर, जोलारपेट गेलं बघ! तमिळनाडूत आलो आम्ही. तू पोचलास ना घरी?"

मी काचेबाहेर पाहिलं. साउथ एंड सर्कलचा सिग्नल तिसऱ्यांदा लाल होत होता.

"आत्या," मी म्हणालो, "चेन्नई आलं की फोन कर. तोवर मीही कुठंतरी पोचेन."